संकेतस्थळाची मोहोर : कूटबद्ध जोडणी व प्रमाणपत्र यांचा व्यापाऱ्यांसाठी परिचय

आपल्यांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या चोपड्यांचे गाठोडे अद्याप जपून ठेवलेले असेल, त्यांनी ते एकदा सोडून पाहावे. त्यात एखादी सकारलेली हुंडी सापडण्याचा संभव आहे. शाहजोग हुंडीचे पैसे येईल त्याच्या हातावर ठेवावयाचे नसत. ती बाजारात प्रतिष्ठा असलेल्या शहाच्या, म्हणजे ओळखीच्या सावकाराच्या मार्फतच पटवावी लागे. ती हाती घेणारा मुनीम क्षणभरात तीन गोष्टी ताडून पाही: लिहिणारा खरोखर तोच आहे ना, कागदावरील अक्षर वा रक्कम वाटेत कोणी फिरविली नाही ना, आणि आणणाऱ्यास ओळखणारा कोणी भरवशाचा मनुष्य आहे ना. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत तिजोरीची किल्ली कमरेलाच राही.

आज तूर, हरभरा वा सोयाबीन यांचा सौदा करणारा परगावचा खरेदीदार पेढीवर येतोच असे नाही. तो संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आपले संकेतस्थळ उघडतो, भाव पाहतो, बँकेच्या खात्याचा क्रमांक उतरवून घेतो आणि आगाऊ रक्कम धाडतो. कर्नाटकातील बाजार समित्यांचे लिलावही २०१४ पासून क्रमाक्रमाने संगणकावर आले. गुलबर्ग्याच्या (सरकारदरबारी २०१४ पासून कलबुर्गी, जुन्यांच्या तोंडी मात्र गुलबर्गाच) तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. ज्याचे नाव झाले त्याची नक्कल होणार, हा बाजाराचा जुनाच अनुभव आहे. तेव्हा मुनिमाच्या त्या तीन प्रश्नांची उत्तरे पडद्यापलीकडे कोण देतो, हे प्रत्येक पेढीच्या मालकाने समजून घेणे अगत्याचे आहे. हा विषय पोरासोरांचा व तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देण्याजोगा राहिलेला नाही.

प्रथम साधी गोष्ट. संकेतस्थळाचा पत्ता दोन प्रकारांनी सुरू होतो: एचटीटीपी या अक्षरांनी, अथवा शेवटी एक ‘एस’ अधिक असलेल्या एचटीटीपीएस या अक्षरांनी. पहिला प्रकार म्हणजे टपालाचे उघडे कार्ड. ते ज्या ज्या हातांतून जाते, त्या प्रत्येकाला वाचता येते, आणि मनात आले तर शाईने एखादा आकडा बदलताही येतो. रेल्वे स्थानकावरील फुकटची वायफाय जोडणी, लॉजमधील यंत्र, दूरसंचार कंपनीची उपकरणे असे अनेक हात वाटेत असतात. दुसरा प्रकार म्हणजे मोहोर केलेला लखोटा. वाटेतल्याला तो कोठून कोठे चालला आहे एवढे दिसते; आत काय आहे ते दिसत नाही, आणि फोडला तर घेणाऱ्याला कळल्यावाचून राहत नाही. नेटस्केप या अमेरिकन कंपनीने १९९५ च्या सुमारास ही युक्ती प्रचारात आणली, १९९९ मध्ये तिला टीएलएस हे नाव पडले, आणि तिची अलीकडची सुधारलेली आवृत्ती, टीएलएस १.३, ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

परंतु येथे विचारी वाचकास शंका येईल. लखोटा बंद करावयाचा तर दोघांपाशी एकच किल्ली हवी. ज्याला आपण कधी पाहिले नाही त्या पुण्याच्या वा इंदूरच्या खरेदीदाराला ती किल्ली पोहोचवावयाची कशी? वाटेने धाडली तर वाटेवरचा चोर तिचीही नक्कल करील. या कोड्याचे उत्तर १९७६ साली डिफी व हेलमन यांनी आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व अ‍ॅडलमन यांनी दिले. उत्तर असे की, किल्ल्यांची जोडी करावी. एक जगजाहीर, दुसरी आपल्या तिजोरीत. एकीने लावलेले कुलूप दुसरीनेच उघडते.

हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून लहान आकड्यांनी करून दाखवितो. कागद-पेन्सिल घ्यावी. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घेतल्या. त्यांचा गुणाकार ३३. प्रत्येकीतून एक वजा करून गुणाकार केला, २ गुणिले १० म्हणजे २०. आता उघडी किल्ली म्हणून ३ हा आकडा निवडला. गुप्त किल्ली अशी हवी की, तिला ३ ने गुणून २० ने भागले असता बाकी १ उरावी. ती ७, कारण ३ गुणिले ७ म्हणजे २१. ३३ आणि ३ हे आकडे आपण पाटीवर लिहून दुकानाबाहेर टांगू शकतो. ७ मात्र तिजोरीत. समजा, खरेदीदारास ४ हा आकडा गुप्तपणे कळवावयाचा आहे. त्याने ४ चा घन केला, ६४ आला; ३३ ने भागून बाकी ३१ उरली. वाटेवरच्या चोराला हा ३१ दिसेल, आणि त्यावरून त्याला काही उमगणार नाही. आपण ३१ चा सातवा घात काढावयाचा. ३१ चा वर्ग ९६१. ३३ ने भागून बाकी ४. म्हणजे चौथा घात १६, सहावा ६४ म्हणजे पुन्हा बाकी ३१, आणि सातवा ३१ गुणिले ३१, म्हणजे पुन्हा ९६१, बाकी ४. धाडलेला आकडा परत मिळाला.

याच जोडीचा उलटा उपयोग सहीसाठी होतो, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा. आपण ४ या आकड्यावर गुप्त किल्लीने सही केली: ४ चा सातवा घात १६३८४, ३३ ने भागून बाकी १६. हा १६ आपण ४ बरोबर जोडून धाडला. घेणाऱ्याने पाटीवरच्या उघड्या किल्लीने ताळा पाहिला: १६ चा घन ४०९६, ३३ ने भागून बाकी ४. ताळा जमला, म्हणजे सही ज्याच्यापाशी ७ आहे त्याचीच. ३३ चे अवयव कोणीही तोंडी सांगेल. पण प्रत्यक्ष व्यवहारात ही संख्या सहाशे सतरा अंकांची असते, आणि तिचे मूळ अवयव शोधून काढणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. सगळे संरक्षण या एका अवघडपणावर उभे आहे. अलीकडे दुसऱ्या जातीचे गणितही (लंबवर्तुळीय वक्रांचे) पुष्कळ वापरले जाते, तथापि तत्त्व तेच.

येथे थोडे विषयांतर केल्यास वाचक रागावणार नाहीत. वरील उदाहरणातील ७ आपण अंदाजाने काढला. परंतु सहाशे अंकांच्या संख्येत अंदाज चालत नाही. तेथे परस्परांना पुनःपुन्हा भागत जाण्याची जी रीत वापरतात, तिला आपल्याकडील गणिती कुट्टक म्हणत. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने ती सांगितली, आणि इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त कुट्टीकार या नावाने तिचा विस्तार केला. हे महावीराचार्य राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळचे, आणि त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या सेडम तालुक्यातील कागिणा नदीकाठचे मळखेड. ज्यांनी मळखेडच्या बसदीचे दर्शन घेतले आहे त्यांना हे ठाऊक असेल. त्याच ग्रंथाची हिंदी भाषांतरासह आवृत्ती १९६३ साली सोलापुराहून जीवराज जैन ग्रंथमालेत निघाली. आजचे तंत्र महावीराचार्यांनी शोधले असा पोकळ अभिमान मिरविण्याचे कारण नाही. त्यांनी ते शोधले नाही. पण ज्या भागाकाराने आज पेढीची गुप्त किल्ली घडते, तो भागाकार या मातीला अपरिचित नव्हता, एवढे सत्य आहे.

आता मुख्य प्रश्न. पाटीवर लिहिलेली उघडी किल्ली आपलीच, हे खरेदीदारास कोण सांगणार? चोरानेही स्वतःची पाटी रंगवून आपल्या नावाने टांगली तर? येथेच शहाची गरज लागते. जगात काही प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत. आपले संकेतस्थळाचे नाव, आपली उघडी किल्ली व मुदतीच्या तारखा एका लेखात लिहून त्या लेखावर अशी संस्था आपल्या गुप्त किल्लीने सही करते. हा लेख म्हणजेच प्रमाणपत्र. त्या संस्थेला तिच्याहून वडील संस्थेने सही दिलेली असते, आणि सर्वांत वडील संस्थांची यादी आपल्या ब्राउझरमध्ये वा यंत्राच्या प्रणालीत आधीच भरलेली असते. खरेदीदाराचे यंत्र ही साखळी सहीसहीने वर चढत तपासते, मग समोरच्या सर्व्हरला एक ताजी सही करावयास लावून गुप्त किल्ली खरोखर त्याच्याच हाती आहे की नाही ते पाहते, आणि त्यानंतर दोघे मिळून फक्त त्या भेटीपुरती नवी किल्ली ठरवितात. भेट संपली की ती टाकून देतात. आज जरी कोणी सर्व लखोटे साठवून ठेवले आणि उद्या आपली तिजोरी फोडली, तरी जुने लखोटे त्याला उघडत नाहीत, ते यामुळेच.

शहाच खोटा निघाला किंवा शहाच्या घरात चोर शिरला तर काय होते, याचा अनुभव जगाने घेतला आहे, आणि आपल्या देशानेही. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत कोणी शिरून पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यांतील गूगलच्या नावाच्या प्रमाणपत्राने इराणमधील असंख्य लोकांची पत्रे वाचली गेली. ती संस्था त्याच वर्षी सप्टेंबरात दिवाळखोर झाली. आपल्याकडील प्रकरण २०१४ चे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० अन्वये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवण्यासाठी नियंत्रकाचे पद निर्माण झाले आहे, आणि त्याच्या अखत्यारीत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र प्रमाणपत्रे देत असे. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले की, या केंद्राच्या सहीने गूगलच्या काही नावांची प्रमाणपत्रे निघाली आहेत, आणि ती गूगलने मागितलेली नाहीत. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी केंद्राची मधल्या पायरीची सर्व प्रमाणपत्रे रद्द केली. नियंत्रकांच्या चौकशीत चार खोटी प्रमाणपत्रे सापडली, तीन गूगलच्या व एक याहूच्या नावांची; तथापि याखेरीजही आणखी आढळल्याने गूगलने व्याप्ती अज्ञात आहे असे म्हटले, आणि आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये भारतीय नियंत्रकांच्या सहीचा मान मोजक्या सात नावांपुरता मर्यादित केला. मायक्रोसॉफ्टनेही त्याच महिन्यात त्या प्रमाणपत्रांवरील विश्वास काढून घेतला. पत गेली की सरकारी मोहोरेलाही बाजार थारा देत नाही, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते. आमच्या मते नियंत्रकांनी एका दिवसात केलेली कारवाई वाखाणण्याजोगी होती. पण तोवर जे व्हावयाचे ते झाले होते.

या घटनांतून एक चांगली रीत रूढ झाली. प्रत्येक नवे प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढविले पाहिजे, आणि ती वही कोणालाही चाळता आली पाहिजे. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांच्या बाबतीत क्रोमने ही अटच घातली. अशा वहीत आपल्या पेढीचे नाव घालून शोध घेतला असता, आपल्या नावावर आजवर कोणी कोणती प्रमाणपत्रे काढली ते फुकट पाहता येते. वर्षातून एकदोनदा हे करावे. तसेच, आपल्या नावाचे प्रमाणपत्र अमुक संस्थेनेच द्यावे अशी सूचना नावाच्या नोंदींत लिहून ठेवता येते, आणि सप्टेंबर २०१७ पासून प्रत्येक संस्थेस ती पाहिल्यावाचून प्रमाणपत्र देता येत नाही. पाच मिनिटांचे काम, करणारे थोडे.

आता अशी एक गोष्ट सांगतो जी आमच्या परिचयाच्या एका सीमेपलीकडील खरेदीदाराच्या बाबतीत घडली. त्याने एका प्रख्यात डाळमिलच्या नावाचे संकेतस्थळ उघडले. पत्त्याच्या आरंभी कुलूप होते, भाव वाजवी होता, छायाचित्रे खरी होती. दोन ट्रक डाळीची आगाऊ रक्कम गेली. डाळ आली नाही. मागाहून पाहता पत्त्यात एक अक्षर कमी होते. त्याचा सारखा एकच प्रश्न होता: “पण कुलूप होते ना?” होते. आणि ते खोटेही नव्हते. साध्या प्रमाणपत्रासाठी संस्था एवढेच तपासते की, मागणाऱ्याचा त्या नावावर ताबा आहे की नाही. त्यासाठी ती सांगेल तो मजकूर संकेतस्थळावर अथवा नावाच्या नोंदींत ठेवून दाखवावा लागतो. एक अक्षर गाळलेले नाव चोराने रीतसर विकत घेतले होते, सबब त्यावर त्याचा ताबा होताच. लखोटा पक्का मोहोरबंद होता. तो चोराच्या पत्त्यावर गेला, इतकेच.

हा गैरसमज सार्वत्रिक आहे. गूगलने २०२१ साली सांगितले की, त्यांच्या पाहणीत भाग घेतलेल्यांपैकी शेकडा ११ लोकांनाच कुलपाच्या चिन्हाचा नेमका अर्थ ठाऊक होता. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह संगणकावरून काढून दुसरे निरुपद्रवी चिन्ह बसविले. संस्थेची कागदपत्रे पाहून दिलेली महाग प्रमाणपत्रेही मिळतात आणि पूर्वी त्यांचे नाव हिरव्या पट्टीत झळके. पण २०१९ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी ती पट्टी काढून टाकली. खरा उपाय नावातच आहे. रिझर्व्ह बँकेने हे ओळखून फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की, बँकांनी ‘बँक.इन’ या शेवटाची नावे घ्यावीत, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही नावे हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडून, बँकेची खातरजमा करूनच मिळतात. बँकेचे संकेतस्थळ उघडताना घरच्या मंडळींनी नावाचा शेवट वाचण्याची सवय लावावी. फसवणूक झालीच तर लाजेने दडवून ठेवू नये. १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम अडविण्याची आशा असते.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या पेढीची आहे, आणि ती सांगताना संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी एका होतकरू मुलाकडून आम्ही संकेतस्थळ करून घेतले. काम सुबक झाले. नाव कोणाच्या नावे नोंदविले, प्रमाणपत्र कोठून आणले, याची चौकशी आम्ही केली नाही. पुढे तो मुलगा बेंगळुरूस नोकरीला गेला. दिवाळीच्या आठवड्यात प्रमाणपत्राची मुदत संपली. येणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर लाल इशारा: ही जोडणी सुरक्षित नाही, येथे आपली माहिती चोरली जाऊ शकते. उदगीरच्या एका जुन्या आडत्याने दूरध्वनी करून हळूच विचारले, “शेठ, सर्व ठीक आहे ना?” त्या स्वरावरून बाजारात काय बोलले जात आहे ते आम्ही ओळखले. पेढी बसल्याची वार्ता किती वेगाने पसरते ते वाचकांस सांगावयास नको. नाव त्या मुलाच्या खाती, पत्रव्यवहार त्याच्या बंद पडलेल्या क्रमांकावर. त्याचा दोष नव्हता, त्याने मागताच सर्व दिले. पण नाव आमच्या हाती येईपर्यंत अकरा दिवस गेले, आणि चोपडीपूजनाच्या मुहूर्तावर आम्ही नव्या चोपडीऐवजी संगणकाकडे पाहत बसलो होतो.

म्हणून पहिले काम हे की, संकेतस्थळाचे नाव पेढीच्या वा मालकाच्या नावे नोंदवावे, आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक व ई-पत्ता मालकाच्या हातातला असावा. दुकानाच्या जागेचा करारनामा आपण नोकराच्या नावे करीत नाही. प्रमाणपत्रासाठी मोठी रक्कम मागणारे दलाल भेटतील. लेट्स एन्क्रिप्ट ही अमेरिकेतील ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून सर्वांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते, आणि कूटलेखनाच्या दृष्टीने ती विकतच्या प्रमाणपत्रांहून तसूभरही उणी नाहीत. गुप्त किल्ली सर्व्हरवरच घडवावी, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर वा ई-पत्राने कोणासही धाडू नये; दलाल किल्ली तयार करून पाठवितो म्हणाला, तर त्याची जागा बदलावी. प्रमाणपत्रात नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह व त्याविना अशा दोन्ही रूपांत हवे, नाही तर निम्म्या गिऱ्हाइकांना इशारा दिसतो. जुन्या उघड्या पत्त्यावर येणाऱ्यास आपोआप बंद मार्गावर वळवावे. आणि पानातील छायाचित्रे उघड्या मार्गाने येत नाहीत ना ते पाहावे. लखोटा मोहोरबंद करून त्यास बाहेरून उघडी चिठ्ठी टाचण्यासारखे ते आहे.

मुदतीविषयी सावध राहावे, कारण ती आता झपाट्याने आखडत आहे. २०२० च्या सप्टेंबरात कमाल मुदत ३९८ दिवसांवर आणली गेली. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र संस्था व ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंडळाने असे ठरविले की, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस. हे कोणाही मुनिमाच्या स्मरणशक्तीवर सोपविता येणार नाही. नूतनीकरण सर्व्हरने स्वतः करावे अशीच योजना हवी. जेथून आपण जागा भाड्याने घेतली आहे त्यांना प्रथम हेच विचारावे की, नूतनीकरण आपोआप होते का, आणि चुकले तर कळवितात कोणास.

आमच्या पेढीत आता बाजार समितीचा परवाना, वजनकाट्यांची पडताळणी आणि विमा यांच्या तारखा ज्या वहीत असतात, त्याच वहीत संकेतस्थळाच्या नावाची व प्रमाणपत्राची अखेरची तारीख लिहिलेली असते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी धाकटा मुलगा पत्त्याशेजारचे चिन्ह दाबून जोडणीचा तपशील उघडतो, प्रमाणपत्रावरील नाव अक्षर-अक्षर मोठ्याने वाचतो, तारीख वाचतो, आणि त्यासमोर वहीत टिंब करतो.